तिच्या हातात काय दिलंय? सिनेमातल्या बायका-पुरुषांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या ज्युनिअर कॉलेजात फिल्म क्लब आहे. सिनेमा संपला की ‘हा स्त्रीवादी आहे की नाही’ यावर वाद होतो आणि मुलं एखाद्या जोरदार संवादावरून निकाल देऊन मोकळी होतात. नीट तपासायची काही पद्धत आहे का?
– एक शिक्षिका, सातारा

सुरुवातीला संवाद बाजूलाच ठेवा. पटकथेत सगळ्यात स्वस्तात बदलता येतो तो संवाद. मध्यंतरानंतर नायिकेच्या तोंडी दोन मिनिटांचं बाणेदार भाषण घातलं, टाळ्या मिळाल्या, आणि बाकीचे दोन तास ती होती तिथेच उभी, असे सिनेमे भरपूर आहेत.

संपूर्ण सिनेमा मोजायला जाऊ नका, मुलं कंटाळतात आणि आकडे चुकतात. तीसच मिनिटं घ्या: सुरुवातीची दहा, मध्यंतराच्या आधीची दहा आणि शेवटची दहा. गटातल्या प्रत्येकाला एकच काम द्या. एकजण मोबाइलच्या स्टॉपवॉचवर स्त्रीपात्रं किती वेळ बोलतात ते मोजेल, दुसरा पुरुषपात्रांचं. तिसरा फक्त हातांकडे बघेल: कोणाच्या हातात काय आहे. चौथा निर्णय टिपेल. पाचवा कॅमेऱ्याकडे लक्ष देईल: पात्र पहिल्यांदा दिसतं तेव्हा चेहरा आधी दिसतो की पाय, कंबर, पाठ.

आता यात हमखास काय चुकतं ते सांगतो. गाण्यांमुळे वेळेचा हिशेब पार बिघडतो, म्हणून गाण्यांसाठी वेगळा रकाना करा. गर्दीतली माणसं मोजू नका, कथेत नाव असलेली पात्रंच घ्या. सगळ्यात जास्त घोळ ‘निर्णय’ या शब्दाचा होतो. मुलं ‘ती रागावली’ हेही निर्णयात लिहितात. त्यासाठी एकच व्याख्या पक्की करा: त्या पात्राने जे ठरवलं त्यामुळे पुढचा प्रसंग बदलला, तरच तो निर्णय. प्रत्येक रकाना दोन मुलांना स्वतंत्रपणे भरायला लावा. दोघांच्या आकड्यांत एक पंचमांशाहून जास्त फरक आला तर व्याख्या सैल आहे असं समजून ती पुन्हा ठरवा.

एवढं केलंत की मुलांचा वाद आपोआप वेगळ्या वळणावर जातो. नायिका भरपूर बोलते, पण निर्णयाचा रकाना कोराच, असं सारखं दिसू लागतं. हातांचा रकाना तर फारच बोलका असतो. तिच्या हातात चहाचा ट्रे, पदराचं टोक, दाराची कडी, फोन. त्याच्या हातात गाडीची किल्ली, नोटा, कागदपत्रं, पेन. दिग्दर्शकाने हे मुद्दाम केलेलं असेलच असं नाही. ‘बाईमाणूस आत आली की काहीतरी घेऊन येते’ ही सवय सेटवरच्या सगळ्यांच्याच अंगवळणी पडलेली असते.

हात मुद्दाम दाखवले की काय होतं, हे बघायचं असेल तर जिओ बेबी यांचा ‘द ग्रेट इंडियन किचन’ (२०२१) हा मल्याळम सिनेमा क्लबमध्ये जरूर लावा. नवी सून भाजी चिरते, उष्टी ताटं उचलते, ओटा पुसते, आणि हे एकदा दाखवून सिनेमा पुढे जात नाही. तेच तेच परत परत. सासऱ्यांना चटणी दगडावर वाटलेली लागते आणि भात चुलीवरचाच हवा असतो. सिंकखालचा पाइप गळतोय, नवऱ्याला ती अनेकदा सांगते, प्लंबर काही येत नाही. त्या घाण पाण्याखाली ठेवलेल्या बादलीकडे शेवटपर्यंत लक्ष ठेवा. यात व्याख्यान कुठेच नाही. पडद्यावर एरवी दोन सेकंदांत उरकलं जाणारं घरकाम जितका वेळ खातं तितका वेळ प्रेक्षकालाही द्यायला लावलाय. मुलांनी या सिनेमाच्या वेळी घड्याळ लावलं तर पुरुषांचा जेवणाचा वेळ आणि तिचा स्वयंपाकाचा वेळ शेजारीशेजारी लिहा.

‘बेक्डेल चाचणी’बद्दल मुलं विचारतीलच. अमेरिकन चित्रकथाकार अ‍ॅलिसन बेक्डेल यांच्या १९८५ सालच्या एका चित्रपट्टीतून ती आली. तीन अटी: सिनेमात किमान दोन बायका असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात, आणि पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलाव्यात. एका सिनेमाचा निवाडा करायला ही चाचणी कुचकामी आहे. दोघी मिळून तिसरीच्या साडीची टिंगल करत असल्या तरी सिनेमा पास होतो. पण वर्षभरात क्लबने दाखवलेल्या वीस-पंचवीस सिनेमांना ती एकदम लावून बघा. एवढी साधी अट किती सिनेमे पाळत नाहीत, हे फळ्यावर एका रांगेत दिसलं की मुलं गप्प होतात.

प्रश्न : प्रभातच्या ‘कुंकू’चं इतकं कौतुक होतं. पण शेवटी नायिकेची सुटका म्हाताऱ्या नवऱ्याच्या मृत्यूने आणि त्याच्या मोठेपणाने होते. मग यात बंड ते काय?
– एक वाचक, इचलकरंजी

तुमची शंका बरोबर जागी बोट ठेवते, म्हणून सविस्तर उत्तर देतो. सिनेमा १९३७ चा. दिग्दर्शक व्ही. शांताराम, नायिका नीरा म्हणजे शांता आपटे, नवरा काकासाहेब म्हणजे केशवराव दाते. कथा ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीची. हिंदीत तो ‘दुनिया न माने’ नावाने आला.

आता शेवटाकडे कायद्याच्या बाजूने बघा. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा आला १९४७ साली, आणि देशभरासाठीचा हिंदू विवाह कायदा १९५५ चा. काही जातींत काडीमोडीची रूढी होती, पण काकासाहेबांसारख्या पांढरपेशा घरात ती वाट नव्हती. विधवेच्या पुनर्विवाहाला मात्र १८५६ पासून कायद्याची मान्यता होती. म्हणजे १९३७ साली नीरेला दुसरं लग्न कायद्याने करता येईल असा एकच रस्ता उरतो: नवरा मरणं. काकासाहेब जीव देतात आणि तिने पुन्हा लग्न करावं असं पत्र मागे ठेवतात, त्यात भावनेचा भाग आहेच, पण ते स्वतः वकील आहेत हेही विसरू नका. त्यांनी कायद्यातली एकुलती एक फट शोधलीय.

तरीही तुमचं म्हणणं उरतंच. सुटकेची किल्ली शेवटी पुरुषाच्या हातात राहिली. हा सिनेमा तिथे आपल्या काळाच्या पुढे गेला नाही, आणि तसं म्हणायला कचरायचं कारण नाही.

पण बंड शेवटात शोधू नका, मधल्या दीड तासात शोधा. फसवून लावलेलं लग्न नीरा निभावायला नकार देते आणि त्याच घरात राहून देते. रडून नाही, पळून नाही, विहिरीत उडी टाकून नाही. सोशिक नायिका या तीनपैकीच काहीतरी करायची. वाह्यात सावत्र मुलगा अंगचटीला येतो तेव्हा नीरा छडी घेऊन त्याला फोडून काढते. वर सांगितलेला हातांचा रकाना इथे भरून बघा! शिवाय तिची बाजू समजून घेते ती काकासाहेबांची समाजकार्य करणारी मुलगी चित्रा, म्हणजे शकुंतला परांजपे. सावत्र आई आणि सावत्र मुलगी एकमेकींच्या वैरी असायच्या हा कथेतला ठरलेला रिवाज, तो इथे उलटला आहे.

आणखी एक गोष्ट कान देऊन ऐका. या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. घरातलेच आवाज आहेत, भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचे ठोके आहेत. करुण सारंगी वाजली असती तर प्रेक्षकाने ‘बिचारी’ म्हणून डोळे पुसले असते आणि विषय संपला असता. संगीत नसल्यामुळे तिचा राग राग म्हणूनच पोचतो, त्याची दया होत नाही.

प्रश्न : माझ्या सासूबाई आणि आई, दोघींचा ‘माहेरची साडी’ हा जीव की प्राण. मुलगी म्हणते, असले सिनेमे बायकांना सोसायला शिकवतात. कोणाचं बरोबर?
– एक गृहिणी, परभणी

मुलीचं म्हणणं या प्रकारच्या सिनेमांबद्दल खरं आहे. तिथे सून जितकी जास्त सोसते तितकी ती चांगली ठरते, आणि छळाचा दोष एका दुष्ट माणसावर, बहुतेक वेळा सासूवर, टाकला जातो. त्यामुळे नवरा निर्दोष सुटतो आणि घराची रचना तशीच राहते.

पण १९९१ साली गावोगावच्या बायका हा सिनेमा बघायला घराबाहेर पडल्या, थिएटरात शेजारी बसून मोकळेपणी रडल्या, याला ‘सोसायला शिकवलं’ एवढंच म्हणून चालणार नाही. घरात ज्याबद्दल बोलायची सोय नव्हती, त्याबद्दल रडायला तिथे जागा मिळाली. आईला आणि सासूबाईंना ‘का आवडतो’ असं विचारू नका, ‘कुठल्या प्रसंगाला रडू येतं’ असं विचारा. मुलीला सोबत बसवा. त्यांच्या उत्तरात सिनेमापेक्षा त्यांचं स्वतःचं आयुष्य जास्त निघेल, आणि मुलीने ते ऐकावं.

त्याच्या जोडीला जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ (१९८२) लावा. हा त्याच्या नऊ वर्षं आधीचा आहे, म्हणजे ‘तेव्हा तसंच होतं’ ही सबबही उरत नाही. सुलभा (स्मिता पाटील) नवरा आणि लहान मुलगी मागे ठेवून परगावी महिलाश्रमात नोकरीला जाते. असल्या आईला शिक्षा म्हणून मूल आजारी पाडायचं, मारायचं, हा हुकमी एक्का. इथे तो खेळलेला नाही. मूल सुखरूप आहे, काकूला लळा लावून बसलंय, आणि सुलभेला बोचतं ते हेच. घरी परतल्यावर नवऱ्याचं दुसरीकडे जमलंय हे कळतं, आणि ती पुन्हा घर सोडते.

प्रश्न : मी एकांकिका लिहितो, आता पहिली पटकथा लिहितोय. नायिका ‘स्ट्राँग’ आहे: बाइक चालवते, मारामारी करते. पण वाचणारे म्हणतात, हा तर साडीतला हिरो झाला. काय करू?
– एक तरुण लेखक, नाशिक

बाइक काढू नका, बाइक कुठून आली ते लिहा.

‘सैराट’ (२०१६) मधली आर्ची आठवा. बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, परश्याकडे टक लावून बघते. हे सगळं लोकांनी डोक्यावर घेतलं, पण नागराज मंजुळे यांची खरी पकड उत्तरार्धात आहे. आर्चीचा तोरा तिच्या स्वभावाचा होता तितकाच पाटलाच्या घराचा होता. हैदराबादच्या झोपडपट्टीत ते घर मागे नाही, तर बुलेटही नाही. घाण, पाणी, परकी भाषा यांच्यापुढे ती हतबल होते आणि मग बाटल्यांच्या कारखान्यात काम करता करता हळूहळू उभी राहते. परश्या डोशाच्या गाडीवर काम करतो. आणि हाच गुणी, हळवा परश्या एकदा संशयावरून तिच्यावर हात उचलतो. लेखकाने त्याला वाचवलं नाही. प्रेमात पडलेल्या चांगल्या मुलातही नवरेपण कसं जागं होतं, हे त्या एका प्रसंगात कळतं.

तुमच्या पटकथेवर हे करून बघा. एक, प्रत्येक पात्राच्या प्रवेशाचं वर्णन वेगळ्या कागदावर उतरवून काढा. पुरुषांपुढे ‘वकील, कर्जबाजारी, चिडका’ आणि बाईपुढे ‘सुंदर, पंचविशीतली’ असं आलं असेल तर तिथूनच गडबड सुरू झालीय. तिचा व्यवसाय लिहा, आणि त्या व्यवसायातली एक अडचण लिहा. नर्स असेल तर सलग दुसरी रात्रपाळी, तलाठी असेल तर अडलेली फेरफार नोंद. दोन, तिला एक चूक करू द्या जिचा प्रेमाशी काही संबंध नाही. निर्दोष नायिका ही देवघरातली मूर्ती होते, आणि मूर्तीला कथा नसते. तीन, कुठलाही प्रसंग घ्या, पात्रांची नावं उलटसुलट करा आणि मोठ्याने वाचून घ्या. उलट केल्यावर जे वाक्य हास्यास्पद वाटतं, ते साच्यातून आलंय. ते लगेच खोडायचं नाही, आधी विचारायचं की हे पात्र असं बोलेल की बायका असं बोलतात म्हणून मी लिहिलंय. चार, तिला मैत्रीण, बहीण, शेजारीण, वरिष्ठ, कुणीतरी एक बाई द्या. पुरुषांच्या घोळक्यात एकटीच हुशार मुलगी हाही आता साचाच झालाय.

मारामारीबद्दल एक तांत्रिक गोष्ट. ती मारते तेव्हा तिला लागतं का, दम लागतो का, दुसऱ्या दिवशी हात सुजतो का, हे लिहिलंत तर ‘साडीतला हिरो’ ही तक्रार बरीचशी मिटेल. हिरोला लागत नाही. माणसाला लागतं.

प्रश्न : ‘अशी ही बनवाबनवी’ आम्ही अख्खं घर मिळून बघतो. पुरुषांनी साडी नेसून केलेल्या विनोदावर हसणं चूक आहे, असं आता म्हणतात. खरं का?
– एक वाचक, डोंबिवली

खुशाल हसा, फक्त हसू कशावर येतंय ते ओळखा. १९८८ च्या या सिनेमात घरमालकीणबाईंना जोडपीच भाडेकरू हवीत, म्हणून सुधीरची सुधा आणि परशाची पार्वती होते. विनोद सगळा पकडले जाण्याच्या भीतीचा. साडी सावरताना, आवाज सांभाळताना त्यांची जी तारांबळ होते, त्यातून बायकांना चोवीस तास काय काय सांभाळावं लागतं हेही नकळत दिसतं. बायकी चालीचा एक सहायक आणायचा, तो आला की विचित्र संगीत वाजवायचं आणि हिरोने त्याला ढकलून द्यायचं, हा प्रकार वेगळा. तिथे प्रसंग काही नसतोच, माणसाच्या असण्यावरच हसायचं असतं. शाळेत तशा चालीच्या मुलाला दुसऱ्या दिवशी तीच हाक ऐकावी लागते.

आपल्याकडे स्त्रीपार्ट ही मोठी कला होती. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके, कारण सिनेमात काम करायला बाई मिळेना. ‘लंका दहन’ (१९१७) मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच. त्यांना कोणी नावं ठेवली नाहीत, कारण ते राजवाड्यातलं, पुराणातलं बाईपण होतं. तमाशातल्या नाच्याला मात्र तीच कला करून हेटाळणी मिळाली. रवी जाधव यांचा ‘नटरंग’ (२०१०) या जागेवर उभा आहे. पहिलवानी अंगाचा गुणा शेतमजूर फडासाठी नाच्या होतो. अतुल कुलकर्णींनी या भूमिकेसाठी आधी शरीर कमावलं आणि मग उतरवलं. बघताना त्यांचं मनगट बघा. सुरुवातीला त्या हातात राजाची तलवार यावी ही त्याची हौस असते, आणि मग तेच मनगट लचकायला शिकतं. अंग तेच, माणूस तोच, पण गावाची नजर बदलते, घरचे तोंड फिरवतात, आणि पुढे त्याच्यावर बलात्कारही होतो. मर्दपणाची चौकट पुरुषालाही कशी चिरडते, हे मराठीत इतक्या थेटपणे फार थोड्या सिनेमांनी दाखवलंय.

प्रश्न : मुलीला सिनेमाच्या मेकअपचं शिक्षण घ्यायचं आहे. या धंद्यात बायकांना मेकअपचं काम देत नाहीत असं ऐकलं.
– एक पालक, पनवेल

देत नव्हते, हे खरं. मुंबईच्या सिनेसृष्टीत वर्षानुवर्षं नियमच होता: चेहरा रंगवायचा पुरुषाने, बाईने फक्त केस करायचे. मेकअप करणाऱ्यांच्या संघटनेचं सदस्यत्वाचं कार्ड बाईला मिळत नसे. १० नोव्हेंबर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने ही अट घटनाबाह्य ठरवली. आता बाई म्हणून कुणी कार्ड नाकारू शकत नाही, नाकारलं तर लेखी मागा. सेटवर दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागते, तिची अध्यक्ष बाईच असते. काम स्वीकारतानाच समितीवरच्या सदस्यांची नावं विचारून ठेवायला सांगा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, आणि समितीच नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.

प्रश्न : मुलगा बारा वर्षांचा. मुलीच्या मागे मागे फिरून तिला ‘पटवायची’ गाणी त्याला तोंडपाठ आहेत. बंद करू का?
– एक वडील, औंध, पुणे

बंद केलीत तर तो मित्राच्या फोनवर बघेल. प्रमाणपत्र मात्र बघत जा. २०२४ च्या नियमांनुसार ‘यूए’मध्येच (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचे सिनेमे) ७, १३ आणि १६ वर्षं असे टप्पे आलेत.

गाणं चालू असताना उपदेश नको. संपल्यावर तेच गाणं आवाज बंद करून त्याच्यासोबत एकदा लावा. सुरावट काढून घेतली की एक मुलगी रस्त्याने चाललीय आणि एक माणूस, बरेचदा चारपाच मित्रांसह, तिची वाट अडवतोय, एवढंच उरतं. मग एकच विचारा: ‘ती किती वेळा तोंड फिरवते, मोज.’ मोजू द्या, निष्कर्ष तुम्ही सांगू नका. दुसऱ्या एखाद्या दिवशी विचारा की ती रस्ता बदलून घरी गेली असती तर गाणं कुठे संपलं असतं.

त्याला हेही साध्या शब्दांत माहीत असू द्या की मुलीची इच्छा नाही हे स्पष्ट असताना पुन्हा पुन्हा तिचा पाठलाग करणं, फोनवर माग काढणं हा गुन्हा आहे. २०१३ मध्ये तो भारतीय दंडविधानात ३५४ ड म्हणून आला, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. पण हे धाक म्हणून आधी सांगू नका, त्याने मोजून झाल्यावर सांगा. आणि घरात बहीण असेल तर तिलाही त्याच वेळी शेजारी बसवा. ती कितव्यांदा ‘पुरे’ म्हणते ते त्याला ऐकू द्या.